गाडी रानातच सेट करा, आणि चौघं मिळून करा

मी कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर काम करतो. दिवसभर हातात व्हर्निअर असतो. त्यामुळे कुणी "मागनं जरा मऊ वाटतीया" म्हणालं की माझा पहिला प्रश्न ठरलेला: किती मऊ? मिलिमीटरमध्ये सांग.

आमच्या गावात गाडीच्या वेडाला तोटा नाही. हिरोची रानात चालणारी मोटारसायकल, म्हणजे नवी एक्सपल्स, आली की पहिल्या महिन्यात सायलेन्सर बदलतो, दुसऱ्यात हँडलबार, तिसऱ्यात लाइट. मागच्या स्प्रिंगचा ताण ठरवणारी रिंग मात्र शोरूममधून आली त्याच खाचेत. मीटर टेप, हवेचा गेज, ती रिंग फिरवायचा हुक पाना आणि तीन मित्र एवढ्यावर गाडी जितकी सुधारते तितकी महागड्या पार्टने सुधारत नाही, हे मी मनापासून सांगतो. मित्र का लागतात ते पुढे कळेलच.

आमच्या चौघांत दोन एक्सपल्स २००, एक जुनी इंपल्स (तीही हिरोचीच) आणि एक कावासाकीची केएलएक्स १४०. केएलएक्स रस्त्यावर चालवायची गाडीच नव्हे, तिची नोंदणी होत नाही, म्हणून ती छोट्या हत्तीत घालून न्यावी लागते. बरंच आहे ते. हत्यारं, पाण्याचे कॅन आणि डबे त्यातच जातात, शिवाय कुणाची गाडी मोडली तर परत आणायची सोय होते.

आधी जागा. मसाई पठारावर गाड्या घालू नका. ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे. जांभ्यावरचा मातीचा थर तिथे बोटभर असतो आणि उंच गोट्यांचा नॉबी टायर तो एका फेरीत उचकटतो. दाजीपूर-राधानगरीचं जंगल तर अभयारण्य, तिकडे विचारही नको. आम्ही पन्हाळा तालुक्यात, बाजारभोगावच्या बाजूला जातो. इंपल्सवाल्याच्या मामांचं तिथे माळरान आहे, आणि आजूबाजूला पाणंदी आहेत. मामांना आदल्या दिवशी फोन करायचा, शेजारच्या दोन शेतकऱ्यांनाही मामांकरवी कानावर घालायचं. ऊसतोड चालू असेल तर कुठल्या पाणंदीत ट्रॉल्या आहेत ते तेव्हाच कळतं. पावसाळ्यात जायचं नाही. ओल्या पाणंदीत आपण पाडलेल्या चाकोऱ्या वाळून दगड होतात आणि पुढे बैलांना त्यातून गाडी ओढावी लागते. दिवाळी संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम: पहाटेच्या दवाने धूळ दबलेली असते.

आदल्या संध्याकाळची कामं मोजकी. एअर फिल्टर फोमचा असेल तर डिझेलमध्ये धुवा, मग साबणाच्या पाण्यात, पिळू नका, दाबून पाणी काढा, सावलीत पूर्ण वाळवा आणि फिल्टर ऑइल लावा. कागदी फिल्टर धुवायचा नाही, घाण झाला की बदलायचा. मग चाकांचे स्पोक: छोट्या पान्याने एकेकाला टिचकी मारत जा. घट्ट स्पोक खणखणतो, ढिला ठप्प वाजतो. ढिला सापडला की पाव फेरा आवळा, समोरच्या बाजूचाही तपासा आणि चाक फिरवून डुलत नाही ना ते पाहा. एकाच स्पोकला दोन-दोन फेरे देणारा माणूस रिम वाकडी करून ठेवतो.

एक बारीक गोष्ट, पण लई कामाची. ट्यूबच्या व्हॉल्व्हला जी चकतीसारखी नट असते, ती रिमला घट्ट आवळू नका. ती वर नेऊन टोपीला लावून ठेवा. हवा कमी असताना टायर रिमवर सरकला तर ट्यूबही सरकते. नट मोकळी असेल तर व्हॉल्व्ह तिरका होतो आणि तुम्हाला वेळेत दिसतो. नट आवळलेली असेल तर व्हॉल्व्ह मुळातून फाटतो.

पिशवीत: १०, १२, १४चे पाने, अ‍ॅलन की, अ‍ॅक्सलचा पाना, हुक पाना, प्लग पाना, तीन टायर लिव्हर, फूट पंप, गेज, चेनची मास्टर लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), केबल टाय, एम-सील, टेप. स्पेअर ट्यूब एकच न्यायची झाली तर पुढच्या २१ इंची चाकाची न्या. ती मागच्या १८ इंची टायरमध्ये दुमडून बसते आणि घरापर्यंत आणते. उलटं जमत नाही. अंगावर हेल्मेट, गॉगल, गुडघ्या-कोपराचे गार्ड आणि घोटा झाकणारे बूट. यावर वाद नको. माणशी तीन लिटर पाणी.

सकाळी माळावर पोचलात की लगेच सुटू नका. आधी सगळ्यांनी मिळून एक फेरी आखा, साधारण दीड किलोमीटरची. तिच्यात चार गोष्टी हव्यात: एक मुरमाचा चढ, एक खडबडीत सरळ पट्टा, एक सपाट मातीतलं वळण आणि थोडा उतार, जिथे ब्रेक लावावा लागेल. आमच्या फेरीत शेवटी कोरडा ओढाही आहे. ही फेरी दिवसभर बदलायची नाही. प्रत्येकाने तीनदा मारायची, एकाच गिअरमध्ये, एकाच दमाने. मग एकच बदल करायचा आणि पुन्हा तीच फेरी. दोन बदल एकदम केले तर कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. एकाने वही धरायची. आमच्यात ती माझ्याकडे असते.

क्रमही ठरलेला ठेवा: आधी हवा, मग स्प्रिंग, मग हँडल-लिव्हर, शेवटी इंजिन. हवा बदलली की सस्पेन्शनचं वागणं बदलतं, म्हणून ती पहिली. मुरूम आणि सुटे दगड असतील तर ट्यूबच्या चाकात पुढे १८ आणि मागे २० पीएसआयपासून (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करा. पकड अजून हवी वाटली तर एकेक पीएसआय उतरवा. रिम लॉक (टायर रिमवर सरकू न देणारी पकड) नसेल तर १५च्या खाली जाऊ नका. ट्यूब दगड आणि रिम यांच्यामध्ये चेपून दोन भोकं पडतात. गेज सगळ्यांनी एकच वापरा. दोन गेजमध्ये दोन-तीन पीएसआयचा फरक सहज निघतो.

आता स्प्रिंग, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही बसल्यावर गाडी किती दबते ते मोजायचं असतं, आणि हे एकट्याला जमत नाही. दोघांनी मागून धरून गाडी उचला, मागचं चाक जमिनीवरून सुटलं पाहिजे. तिसऱ्याने अ‍ॅक्सलच्या मधोमधपासून सरळ वर, साइड पॅनेलवर टेपने खूण करून अंतर मोजायचं. समजा ५६० मिलिमीटर आलं. मग चालवणाऱ्याने बूट-हेल्मेट-पाण्याच्या पिशवीसकट गाडीवर बसायचं, एकाने पुढून हँडल धरायचं, दोनदा गाडी दाबून सोडायची आणि पुन्हा त्याच दोन बिंदूंत मोजायचं. समजा ५०८ आलं. फरक ५२. पहिल्या एक्सपल्सच्या मागच्या सस्पेन्शनचा एकूण प्रवास १७० मिलिमीटर आहे, माणूस बसल्यावर त्याच्या साधारण तीस टक्के दबायला हवी, म्हणजे ५१. म्हणजे ही गाडी या माणसाला बरोबर बसली.

जास्त दबत असेल तर शॉकच्या स्प्रिंगची रिंग हुक पान्याने पुढच्या, म्हणजे स्प्रिंग आवळणाऱ्या खाचेत, कमी दबत असेल तर मागच्या. प्रत्येक खाचेनंतर पुन्हा मोजा. आणि एक उलटी वाटणारी गोष्ट ध्यानात ठेवा. माणूस बसल्यावरचं माप बरोबर आलं, पण माणूस उतरल्यावर गाडी स्वतःच्या वजनाने जवळजवळ दबतच नसेल, तर स्प्रिंग तुम्हाला कडक नाही, नरम आहे. माप आणण्यासाठी तुम्ही ती फार आवळली आहे. अशा वेळी रिंगेशी खेळत बसू नका, वजनाला साजेशी स्प्रिंग शोधा.

याचा उपयोग काय ते आमच्यातल्या दुसऱ्या एक्सपल्सवाल्याकडे पाहून कळेल. गडी अंगापिंडाने भक्कम. वळणावर पुढचं चाक बाहेर पळतंय म्हणून तो नवा टायर घ्यायला निघाला होता. आम्ही मोजलं तर मागून ७४ मिलिमीटर दबत होती. मागची बाजू इतकी खाली बसली की पुढच्या चाकावर वजनच राहत नाही, मग ते वळणात धरणार कसं? रिंग तीन खाचा पुढे नेली, माप ५५ वर आलं. त्याने फेरी मारली, परत आला, काही बोलला नाही, पुन्हा फेरी मारली. मग म्हणाला, "भावा, ही माझीच गाडी हाय का?" टायर अजून तोच आहे.

याच्या उलट, मागची बाजू फार उंच राहिली तर सरळ पट्ट्यावर हँडल चुळबुळतं आणि उतारावर ब्रेक लावताना मागचं चाक लाथा मारतं. पुढच्या फोर्कसाठी (पुढचं चाक धरणाऱ्या, दबणाऱ्या नळ्या) सोपी युक्ती: नळीला एक केबल टाय सैलसर बांधा, रबरी बूट असतील तर ते वर सरकवून. फेरीनंतर टाय जिथे थांबला तिथपर्यंत फोर्क दबला. दर फेरीला तळाला टेकत असेल तर नरम, पाव प्रवास कधीच वापरला जात नसेल तर कडक. साध्या फोर्कला बाहेरून फिरवायला काही नसतं. तिथे तेलाचा जाडपणा आणि पातळी बदलावी लागते, ते काम घरी करा. पण पडल्यावर हँडल सरळ आणि चाक तिरकं दिसलं तर ते तिथेच होतं: खालचे क्लॅम्प आणि अ‍ॅक्सल ढिले करा, एकाने चाक गुडघ्यांत धरायचं, दुसऱ्याने हँडल सरळ करायचं, फोर्क चार-पाचदा दाबायचा आणि खालून वर आवळत यायचं.

क्लच आणि ब्रेकचे लिव्हर उभं राहून लावायचे. फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभे राहा, हात सहज सोडा. बोटं लिव्हरवर पडताना मनगट मोडता कामा नये. लिव्हरच्या क्लॅम्पखाली टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्या आणि बोल्ट इतकेच आवळा की जोरात ढकललं तर लिव्हर फिरेल. पडल्यावर तो फिरतो, मोडत नाही.

चढ दमात चढत नसेल तर पुढचं स्प्रॉकेट एक दात लहान करा. मागे साधारण तीन दात वाढवल्याचा परिणाम मिळतो आणि खर्च फार कमी. चेन ढिली होते, ती पुन्हा लावावी लागते. इथेही मित्र लागतो. चेन सगळ्यात ताणते ती पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांडीचा) खिळा आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आल्यावर. म्हणून दोघांना सीटवर बसवून गाडी त्या रेषेपर्यंत दाबा आणि तेव्हाही चेनला थोडी ढील उरते का पाहा. स्टँडवर छान दिसणारी चेन उडीनंतर बेअरिंग खाते, ती यामुळे.

इंजिनाचं काम फक्त कार्ब्युरेटरवाल्यांना. इंपल्स तापवून घ्या, आयडल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न पिळता इंजिन फिरण्याचा वेग, थोडं वाढवा. हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मिक्श्चर स्क्रू हळूहळू आत घ्या, इंजिन अडखळेपर्यंत. मग बाहेर, पुन्हा अडखळेपर्यंत. दोन्हीच्या मधोमध ठेवा आणि आयडल खाली आणा. मग चढ मारून वरच इंजिन बंद करा, थोडं निवू द्या आणि प्लग काढून पाहा. फिकट तपकिरी असेल तर हात लावू नका. काळा काजळलेला म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी, आणि पांढरा जास्त धोक्याचा.

जेवण मामींकडे: झुणका, भाकरी, खर्डा. पोट फार भरू नका, दुपारी पाणंदीतून लांब फेरी असते.

त्या फेरीचे नियम थोडे आहेत. पुढे रस्ता माहीत असलेला, शेवटी हत्यारांची पिशवी आणि अनुभव असलेला. फाट्यावर मागचा दिसेपर्यंत थांबायचं, पुढे निघून जायचं नाही. बैलगाडी किंवा म्हशी दिसल्या की इंजिन बंद. हळू करणं पुरत नाही, बंदच. पिकात चाक जाता कामा नये, पाटाचा बांध फोडता कामा नये.

चढावर गाडी बंद पडली तर नुसत्या पुढच्या ब्रेकवर विसंबू नका, पुढचं चाक घसरत खाली येतं. गाडी गिअरमध्येच ठेवा, क्लच सोडा, मागचं चाक इंजिनाने धरून ठेवलं जातं. मग क्लच थोडा-थोडा दाबत गाडी आडवी करा. मित्राने गाडीच्या खालच्या बाजूला कधीही उभं राहू नये.

पाण्याचा ओढा आधी पायी ओलांडून पाहा. गाडी पाण्यात पडून बुडाली तर स्टार्टर दाबू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, मग इंजिन फिरवून पाणी बाहेर उडू द्या, फिल्टरचा डबा रिकामा करा, प्लग पुसून लावा आणि तेल पांढरट झालं नाही ना ते बघा. पांढरट असेल तर गाडी छोट्या हत्तीत.

परतताना डांबरी लागायच्या आत सगळ्यांनी हवा कंपनीच्या आकड्यावर आणायची. फूट पंपाने वेळ जातो, पण १८ पीएसआयवर पन्हाळा रोडच्या वळणांत उतरू नये. त्याच थांब्यावर दोन्ही अ‍ॅक्सल, फूटपेग आणि हँडलचे बोल्ट एकदा हाताखालून घाला, आणि वहीत प्रत्येकाचे शेवटचे आकडे लिहून घ्या: हवा, खाच, माप, वजन.

घरी पोचल्यावर चेन कोमट असतानाच पुसून तेल लावा. प्रेशर वॉशरचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर, स्टिअरिंगवर आणि चेनच्या रिंगांवर सरळ मारू नका, आणि एअर फिल्टर त्याच रात्री काढून बघा.