कथेची एकांकिका करताना

आधी कथेतली ‘त्याला वाटलं’, ‘तिला आठवलं’ अशी वाक्यं पेन्सिलीने अधोरेखित करा. रंगमंचावर ती दिसत नाहीत. अशा प्रत्येक वाक्यासाठी एक कृती शोधावी लागते. ‘आईला राग आला’ याऐवजी आई अर्धी निवडलेली मेथी उचलून आत जाते, बस्स. निवेदन सूत्रधाराच्या तोंडी घालणं ही पळवाट, आणि ती बहुतेकदा रटाळच होते. स्थळं एक-दोनच ठेवा, नाहीतर काळोखात नेपथ्य हलवण्यातच वेळ जातो.

मग घड्याळ लावून मोठ्याने वाचा. वाचनच ४० मिनिटं चाललं, तर हालचाली आणि विराम धरून प्रयोग सहज ४५च्या पुढे सरकतो. वाचताना जिथे दम लागतो, तिथे वाक्य तोडा. एकच पात्र सलग सात-आठ ओळी बोलत असेल, तर समोरच्याला मध्येच काहीतरी करायला द्या.