मे महिन्यात टिकेल असा ओव्हरक्लॉक: जुन्या पीसीच्या तयारीची यादी

जानेवारीतल्या एका रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, साडेचार गिगाहर्ट्झवर चालला! अर्धा तास झाला, अजून काही झालं नाही." त्याचा पीसी म्हणजे इंटेलचा आय-फाइव्ह 2500के, 2011 सालचा प्रोसेसर, भांडुपच्या वन रूम किचनमध्ये ओट्याच्या भिंतीला टेकून ठेवलेला. खिडकी उघडी, बाहेर गारवा. मी एवढंच विचारलं, "मेमध्ये दुपारी तीनला चालेल का रे?" नाही चालला. एप्रिल सरता सरताच एक दिवसाआड निळी स्क्रीन यायला लागली. मग एका रविवारी आम्ही दोघं बसलो आणि सगळं मुळापासून केलं. ज्या क्रमाने केलं, त्याच क्रमाने इथे लिहितो. ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसर त्याच्या मूळ वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं. मुंबईत तो स्थिर आहे की नाही हे मेची दुपार आणि जुलैतली बंद खिडकी ठरवते, आणि तिथे टिकण्याची निम्मी तयारी बायोस (मदरबोर्डची सेटिंग्जची स्क्रीन) उघडण्याआधीच करावी लागते.

सगळ्यात आधी मशीन कशामुळे अडतंय ते बघा. टास्क मॅनेजर उघडून रोजचं काम करा. डिस्क 100 टक्क्यांवर अडकत असेल तर पैसे एसएसडीवर घाला, रॅम भरत असेल तर रॅमवर. व्हिडिओ रेंडर करताना चारही कोअर पूर्ण भरलेले दिसले, तरच ओव्हरक्लॉकचा खरा फायदा आहे. भाचा लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, म्हणून त्याच्यासाठी ही खटपट करण्यात अर्थ होता.

मग सीपीयू-झेड हा प्रोग्रॅम टाकून प्रोसेसर आणि बोर्ड नीट ओळखा. या पिढीत नावाच्या शेवटी 'के' असेल तर मल्टिप्लायर (बेस क्लॉकला ज्या आकड्याने गुणून वेग ठरतो तो) मोकळा असतो, पण बोर्डही तसा लागतो: पी67, झेड68 किंवा झेड77. मुंबईत जुन्या पीसींमध्ये एच61 बोर्ड सर्रास सापडतो, आणि त्यावर 'के' प्रोसेसर बसवला तरी मल्टिप्लायर वर जात नाही. अशा वेळी बेस क्लॉक वाढवून बघायचा मोह होतो. तो टाळा. या पिढीत तोच 100 मेगाहर्ट्झचा क्लॉक साटा (डिस्कची जोडणी) आणि पीसीआय एक्स्प्रेसलाही (ग्राफिक्स कार्डाची जोडणी) जातो, त्यामुळे तो थोडा वर नेला तरी डिस्कवरचा डेटा धोक्यात येतो.

डेटावरून आठवलं, बॅकअप आजच घ्या. चाचणी चालू असताना मशीन कितीतरी वेळा बंद पडणार आहे, आणि डिस्कवर काही लिहिलं जात असताना ते बंद पडलं तर विंडोज खराब होऊ शकतं. घरातले फोटो आणि गिऱ्हाइकांचं काम बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, ती डिस्क काढून कपाटात ठेवा आणि मगच पुढे चला.

आता वीज. जुन्या चाळीत आणि जुन्या सोसायट्यांत तीन पिनचं सॉकेट असतं, पण अर्थिंगची वायर मागे जोडलेलीच असेल याची खात्री नसते. कॅबिनेटच्या स्क्रूला बोट लागल्यावर मुंग्या येत असतील तर सगळं थांबवून आधी वायरमनला बोलवा. त्यानंतर एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. स्वस्त कॅबिनेटबरोबर आलेल्या एसएमपीएसवर 450 वॅट छापलेलं असतं, पण त्या आकड्यावर मी विसंबत नाही. माझा असाच एक जळला होता आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. लोडवर 12 व्होल्टची लाइन मल्टिमीटरने मोजा. ती 11.4 ते 12.6 च्या आत हवी. कडेला घसरत असेल तर नवा, खात्रीचा एसएमपीएस घ्या. बोर्डावर प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर टॉर्चच्या उजेडात बघा. डोकं फुगलेला किंवा तपकिरी ओघळ आलेला एक जरी दिसला, तरी त्या बोर्डावर ओव्हरक्लॉक करू नका. यूपीएस असू द्या, पण त्याचा हिशोब मांडा. 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॅटच देतो, आणि त्यात मॉनिटरही आला.

साफसफाईला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. भाच्याचा हीटसिंक (प्रोसेसरवरचा, उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) काढला तेव्हा त्याच्या पात्यांमध्ये राखाडी रंगाचा थर बसला होता, घोंगडीच्या तुकड्यासारखा. तो बोटाने सोलून निघाला आणि बोट तेलकट झालं. ओटा शेजारी, त्यामुळे रोजच्या फोडणीची वाफ पंख्याने आत ओढली होती आणि त्या चिकटपणावर धूळ धरत गेली होती. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून चुन्यासारखी झाली होती आणि नखाने खरवडल्यावर तिची पूड पडली. असल्या मशीनवर साडेचार गिगाहर्ट्झ मागणं म्हणजे बिचाऱ्या प्रोसेसरवर अन्याय होता.

रंगाचा नवा, कोरडा ब्रश आणि ब्लोअर घ्या. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, वाऱ्याने तो भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं. प्रोसेसरचं झाकण आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने चकचकीत पुसा, आणि मधोमध मसुराच्या दाण्याएवढीच नवी पेस्ट ठेवा. जास्त लावून उपयोग नाही, हीटसिंकच्या दाबाने ती आपोआप पसरते. इंटेलच्या डब्यातल्या कूलरला प्लास्टिकच्या चार पिना असतात. त्या समोरासमोरच्या जोडीने दाबा आणि बोर्डाच्या मागून डोकावून चारही आरपार आल्यात का ते बघा. एक जरी अर्धवट राहिली तरी कूलर एका कोपऱ्यावर उचलला जातो. रॅमचे सोनेरी पॉइंट खोडरबरने हलकेच घासा. आपल्याकडच्या खारट, दमट हवेत त्यांच्यावर पुटं चढतात, आणि रॅमचा दोष मग आपण व्होल्टेजमध्ये शोधत बसतो.

तरीही डब्यातला कूलर ओव्हरक्लॉकसाठी पुरत नाही. 120 मिलिमीटर पंख्याचा उभा टॉवर कूलर घ्या, लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सेकंडहॅंडही मिळतो. या प्रोसेसरच्या 1155 सॉकेटची भोकं 1156, 1150 आणि 1151 सारखीच असतात, त्यामुळे जुना कूलर सहज बसतो, फक्त क्लिपा आणि स्क्रू पूर्ण आहेत ना ते दुकानातच मोजा. निघण्यापूर्वी कॅबिनेटची आतली रुंदी पट्टीने मोजून लिहून घ्या. असे कूलर 16 सेंटीमीटरपर्यंत उंच असतात, आणि अरुंद कॅबिनेटचं झाकण मग बसत नाही.

एवढं झाल्यावर लगेच वेग वाढवू नका. बायोसमध्ये लोड डिफॉल्ट्स करा (म्हणजे मूळ सेटिंग्ज परत आणा), रॅम तिच्या छापील वेगावर ठेवा, पेन ड्राइव्हवरून रॅम तपासणारं मेमटेस्ट86+ रात्रभर चालवा आणि दुसऱ्या दिवशी प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकणारं प्राइम95 तासभर. मूळ वेगावरच चूक निघाली तर आधी ती शोधा. पीसीवरचं घड्याळ रोज सकाळी मागे गेलेलं दिसत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल बदला, नाहीतर कष्टाने बसवलेली सेटिंग्ज एका दिवसात पुसली जातील. क्लिअर सीमॉसचा जंपर (बायोसची सेटिंग्ज पुसणारी छोटी जोडपिन) बोर्डावर कुठे आहे तो आताच शोधून त्याचा फोटो काढा. मशीन चालूच होत नाही अशी वेळ आली की मॅन्युअल शोधायला दुसरा संगणक हाताशी नसतो.

आता हिशोब. प्रोसेसरची वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. 2500के चा मूळ टर्बो, म्हणजे तो स्वतःहून गाठतो तो कमाल वेग, 3.7 गिगाहर्ट्झ. समजा तो 1.2 व्होल्टवर चालतो आणि तुम्ही 1.35 व्होल्टवर 4.5 गाठला. वेग सुमारे 1.22 पट झाला, व्होल्टेजचा वर्ग सुमारे 1.27 पट, म्हणजे उष्णता जवळजवळ दीडपट. शेवटच्या 200 मेगाहर्ट्झसाठी सगळ्यात जास्त ताप सोसावा लागतो, म्हणून मी भाच्याला 4.5 चा हट्ट सोडायला लावला.

मल्टिप्लायर 40 पासून (म्हणजे 4 गिगाहर्ट्झ) सुरू करा, व्होल्टेज हाताने 1.25 च्या आसपास ठेवा आणि एकेक पायरी चढा. रोजच्या वापरासाठी मी 1.35 च्या वर जात नाही. लोड लाइन कॅलिब्रेशन मधल्या पायरीवर ठेवा. ते बंद असेल तर लोड आल्यावर व्होल्टेज खाली बसतं, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर लोड सुटताना ते उसळी घेतं. प्रत्येक पायरीला प्राइम95 दहा मिनिटं चालवा. प्राइम95 ला गणिताचं उत्तर काय यायला हवं ते माहीत असतं, त्यामुळे मशीन बंद न पडताही ते चूक पकडून त्या कोअरची चाचणी थांबवतं. निळ्या स्क्रीनवर 0x101 किंवा 0x124 आला तर बहुधा व्होल्टेज कमी पडतंय. 0x50 आला तर मी आधी रॅमकडे बघतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिआ-लॉगरची (हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा) 19 नंबरची नोंद दिसली तर वरवर सगळं छान चाललं असलं तरी एक पायरी उतरा, कारण प्रोसेसर आतल्या आत चुका सुधारत बसलाय.

आणि हवामान. खोलीचं तापमान दहा अंशांनी वाढलं की प्रोसेसरचंही साधारण तेवढंच वाढतं. जानेवारीच्या रात्री खोली 24 असताना चाचणीत 80 दिसत असेल, तर मेमध्ये खोली 34 झाल्यावर 90 धरा, आणि 98 ला हा प्रोसेसर स्वतःच वेग कमी करायला लागतो. म्हणून चाचणी हिवाळ्यात करत असाल तर 70 च्या वर जाऊ देऊ नका. शेवटची मोठी चाचणी दुपारी, एसी न लावता, कॅबिनेटचं झाकण लावून आणि कॅबिनेट रोजच्या जागी ठेवूनच घ्या. झाकण उघडून, बाजूला टेबल फॅन लावून मिळालेला आकडा कामाचा नाही. भाच्याचा पीसी आम्ही ओट्याच्या भिंतीपासून हलवून दाराशेजारी ठेवला, वहिनींनी त्यासाठी शिलाई मशीनची जागा दिली.

प्रत्येक बदल वहीत लिहा: तारीख, खोलीचं तापमान, मल्टिप्लायर, व्होल्टेज, सगळ्यात तापलेल्या कोअरचं तापमान. एका वेळी एकच गोष्ट बदला. भाच्याच्या वहीतली शेवटची ओळ त्याने मला फोटो काढून पाठवली: 21 मे, दुपारी तीन, खोली 34, मल्टिप्लायर 43, 1.28 व्होल्ट, सहा तास, कमाल 77, चूक नाही. खाली पेन्सिलने लिहिलंय, पावसात खिडक्या बंद झाल्यावर पुन्हा बघणे.