साताऱ्यात शिकायला आलेल्यांसाठी: पर्यावरणाचं काम कुठं आणि कसं मिळतं

जून लागला की गावाकडून फोन सुरू होतात. "ताई, आमच्या पोरीला साताऱ्यात बी.एस्सी.ला प्रवेश मिळालाय, जरा लक्ष ठेवा." परभणी, हिंगोली, उदगीरकडची बरीच पोरं इकडं येतात. मीही तशीच आले आणि इथलीच झाले. खोली आणि मेसचं काही फार अवघड नाही. सदरबझार, गोडोली भागात दोन दिवस फिरलात की दोन्ही मिळतं. खोली बघताना एकच बघा, कपडे वाळत घालायला आत जागा आहे का. आपल्याकडचा माणूस इथला पाऊस बघून आठवडाभर हरखतो आणि मग ओल्या कपड्यांच्या वासानं कावतो.

यंदा मात्र चार-पाच जणांनी वेगळंच विचारलं. पर्यावरणात काही करायचंय, कुठून सुरुवात करू? त्या सगळ्यांसाठी हे एकदाच लिहून ठेवते.

आधी कॉलेजातलं. पर्यावरण हा विषय तुम्हाला असणारच, मग शाखा कुठलीही असो. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 1991 साली हा विषय शिक्षणात आणायला सांगितलं आणि पुढं विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) तो पदवीला सक्तीचा केला. त्यासोबत येणारा क्षेत्रभेटीचा प्रकल्प बहुतेक जण मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवून काढतात. वरचं नाव बदलायचं, आतली नदी तीच! तुम्ही तो खरा करा. एक प्रकल्प खरा झाला, की ज्या सरांनी तो तपासला ते पुढच्या कामाला तुम्हालाच हाक मारतात. माझ्या बघण्यातल्या बहुतेक पोरांची सुरुवात अशाच वहीतून झालीय.

तुमचं कॉलेज कुठल्या विद्यापीठाखाली येतं हेही पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, छत्रपती शिवाजी कॉलेज आणि धनंजयराव गाडगीळ कॉमर्स कॉलेज मिळून 2021 साली कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं. बाकीची बरीचशी कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडं आहेत. "आविष्कार" या संशोधन स्पर्धेत विद्यापीठामार्फतच जावं लागतं, म्हणून ही चौकशी. आणि पुढं एम.एस्सी. पर्यावरणशास्त्र करायचं मनात असेल, तर शिवाजी विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग आहे.

आता जिल्ह्याकडं या. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि पूर्वेच्या माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. दोन्हींमधलं अंतर रस्त्यानं सव्वाशे-दीडशे किलोमीटर. म्हणजे एका दिवसात एसटीनं सदाहरित जंगलातून माळरानावर जाता येतं. पर्यावरण शिकणाऱ्याला याहून मोठी प्रयोगशाळा कुणी बांधून देणार नाही.

सगळे पहिल्यांदा पळतात ते कासला. जा की, का नाही जायचं? शहरापासून साधारण पंचवीस किलोमीटरवर आहे, यवतेश्वरचा घाट चढून जायचं. बामणोलीकडं जाणारी एसटी तिथूनच जाते. 2012 साली पश्चिम घाटातल्या ज्या 39 ठिकाणांना युनेस्कोनं जागतिक वारसा म्हटलं, त्यात कास आहे, कोयना आणि चांदोलीही आहेत. साडेआठशेच्या आसपास सपुष्प वनस्पतींची नोंद या पठारावर झालीय. पण ऑगस्ट-सप्टेंबरच्या शनिवार-रविवारी जाऊन फोटो काढून आलात, तर तुम्ही पर्यटक. आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, ऑनलाइन नोंदणी करून, आणि फक्त एका हातभर जागेपाशी बसा. शब्दशः म्हणतेय. जांभ्या दगडावर बोटभर माती असते, त्यात पाणी साचलेलं. भिंग लावून बघितलं की दवबिंदू नावाच्या किडे खाणाऱ्या रोपाच्या लालसर केसांवर चिकट थेंब दिसतात आणि त्यात अडकलेलं एखादं चिलट अजून पाय हलवत असतं. शेजारी सीतेची आसवं या दुसऱ्या तशाच रोपाची निळी-जांभळी फुलं, आणि मातीखाली तिच्या बारीक पिशव्या पाण्यातले जीव ओढून घेत असतात. मातीत नत्र कमी, म्हणून झाडांनी किडे खायला सुरुवात केली. पुस्तकातलं हे वाक्य तिथं बसलं की डोक्यात पक्कं बसतं.

प्रकल्पासाठी एक चौकट पुरते. मीटरभर लांबीच्या चार काड्या आणि सुतळी. ठरलेल्या जागी ती टेकवायची, आतली झाडं जातीनुसार मोजायची, काही तोडायचं नाही. पठारावर काम करायचं तर वनविभागाची परवानगी लागते. कॉलेजच्या लेटरहेडवर सरांच्या सहीनं अर्ज द्या आणि उत्तराला वेळ लागतो हे धरून चाला. कासवर चराई बंद केल्यानं, कुंपण घातल्यानं फुलांचं बरं झालं की वाईट, यावर अभ्यासकांत चांगलाच वाद झालाय. गवत माजलं की गेंदासारख्या बुटक्या झाडांना ऊन मिळत नाही, असं एका बाजूचं म्हणणं. तुमची चौकट या वादात थेट कामाला येते.

कॉमर्सवाल्यांनी हिरमुसू नये. हंगामात प्रवेशाची, पार्किंगची, वाट दाखवण्याची कामं आसपासच्या गावांतली माणसं समितीमार्फत करतात. त्या पैशाचं गावात काय होतं, हाही पर्यावरणाचाच अभ्यास आहे, आणि तो वनस्पतिशास्त्रवाल्यांना जमणार नाही.

केमिस्ट्रीवाल्यांनी संगम माहुलीला जावं. कृष्णा आणि वेण्णा तिथं मिळतात, शहराला लागूनच आहे. पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलर पद्धत तुम्ही प्रयोगशाळेत करता, तीच घाटावर करा. तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली बुडबुडा न येऊ देता भरायची, मँगेनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घालायचं, बूच लावून उलटसुलट करायचं. तपकिरी साका बसला तर पाण्यात ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर नदीचं काही खरं नाही. हे काम काठावरच करावं लागतं, बाटली कॉलेजात नेईपर्यंत आकडा बदलतो. गणेशोत्सवात तर संधीच संधी. विसर्जनाच्या आधी, विसर्जनाच्या वेळी आणि नंतर असे तीनदा नमुने घ्यावेत, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. नदी, तळं आणि कृत्रिम हौद या तिन्हींचं पाणी तपासलं की आविष्कारला न्यायला विषय तयार.

पण माझं खरं सांगणं पूर्वेबद्दल आहे. माण आणि खटाव. इथली शहरातली पोरं तिकडं नाखुशीनं जातात, सगळ्यांना पश्चिमेचं हिरवं हवं असतं. आपण मराठवाड्यातले. टँकरची वाट बघणं, विहिरीचा तळ दिसणं, बोअर आटणं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. माणमधल्या एखाद्या आबांच्या ओट्यावर बसून "यंदा विहिरीला किती परस पाणी राहिलं?" असं विचारलं, की आबा मोकळे होतात. शहरातला पोरगा प्रश्नावली काढतो आणि आबा म्हणतात, "लिहा काय लिहायचं ते." हा फरक तुमची पुंजी आहे, वापरा.

तिकडं जायची सोपी वाट म्हणजे कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजना, एनएसएस. वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240, आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. शिबिरात रस्ता झाडून प्रभातफेरी काढण्यात आठवडा घालवू नका, कार्यक्रम अधिकाऱ्यांना पाणलोटाचं काम मागा. 2016 साली पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं जिंकली. तेव्हापासून या भागात ए-फ्रेम आणि हायड्रोमार्कर (पाण्याच्या नळीनं पातळी काढायचं साधन) चालवता येणारी माणसं गावोगाव सापडतात. ए-फ्रेम म्हणजे काय, तर लाकडाचा एक मोठा "ए", मध्ये दोरीला दगड टांगलेला. दगड मधल्या खुणेवर आला की दोन्ही पाय एका पातळीवर. त्या पातळीनं फक्कीची रेघ मारत जायची आणि रेघेवर सलग समतल चर खणायचा. अर्ध्या तासात शिकून होतं. चर खणून मात्र थांबू नका. चराच्या खालच्या अंगाच्या दोन विहिरी धरा आणि दर महिन्याला दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजा. वर्षभराच्या अशा नोंदी ज्याच्याकडं आहेत, त्याचं गावात आणि कॉलेजात दोन्हीकडं ऐकतात.

त्याच बाजूला मायणीचा तलाव आणि येरळवाडी. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. फेब्रुवारीच्या मध्याला चार दिवस जगभर पक्षी मोजतात, त्यातच कॉलेजच्या आवारात करायची कॅम्पस बर्ड काउंट असते. ईबर्ड हे पक्षी नोंदवायचं ॲप मोबाइलवर घ्या, पंधरा मिनिटं थांबा, दिसलेला प्रत्येक पक्षी नोंदवा. दुर्बीण नसली तरी कावळे-साळुंक्या मोजता येतातच. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फुलाचा फोटो टाकलात तर ओळख पटवायला जाणकार मदत करतात. फक्त कंदीलपुष्पासारखं दुर्मीळ काही सापडलं, तर नेमकी जागा इन्स्टावर टाकू नका. दुसऱ्या दिवशी कंद उपटलेला दिसायचा.

जंगलाचं वेड असेल तर बुद्धपौर्णिमेची वाट बघा. त्या रात्री वनविभाग पाणवठ्यांवर मचाणी बांधून लोकांना प्राणी बघायला बसवतो, "निसर्गानुभव" म्हणतात त्याला. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाची घोषणा कधी येते यावर नजर ठेवा, जागा मोजक्या असतात. वाघ दिसेल म्हणून जाऊ नका. गवा, सांबर दिसलं तरी नशीब समजा. वनरक्षक आणि वनमजूर यांच्याशी मात्र पोटभर बोलून घ्या. जंगलाचं जे त्यांना ठाऊक असतं, ते कुठल्या पुस्तकात मिळत नाही.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात सागरेश्वरला एकदा जाऊन या. साडेदहा-अकरा चौरस किलोमीटरचं छोटं अभयारण्य, पण उजाड डोंगरावर माणसांनी झाडं लावून उभं केलेलं. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य घातलं.

कला शाखेतल्यांसाठी एक आडबाजूचं काम सांगते, ज्याकडं फार कुणी बघत नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारा, वही बघायला मागा. वही असेल तर जावळीतल्या एखाद्या आजीला रानभाज्या विचारून तिच्यातली गाळलेली पानं भरता येतील. आजीचं नाव तिच्या परवानगीनंच लिहा, आणि तिनं भाकरी पुढं केली तर नको म्हणू नका.

सगळीकडं एकेकदा जाण्यापेक्षा एक जागा धरा आणि वर्षभर तिथंच जा. गावाला जाताना सरपंचांच्या कानावर घाला, शेतातून जाताना विचारून जा, पोरींनी दोघी-तिघी मिळून जा आणि शेवटच्या एसटीची वेळ आधी विचारून ठेवा.

दुसऱ्या वर्षापर्यंत वही जाडजूड झाली, तर उन्हाळ्याच्या दोन महिन्यांसाठी तीन विज्ञान अकादमींची संयुक्त फेलोशिप असते, तिला अर्ज करा. देशातल्या मोठ्या संस्थेत शास्त्रज्ञासोबत काम करायला मिळतं आणि विद्यावेतनही असतं. अर्जाला शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. अर्ज साधारण दिवाळीच्या आगेमागे भरायचे असतात, तेव्हा सुट्टीला गावी पळायच्या आधी वही घेऊन सरांना भेटा.