बाळाच्या पावडरचा डबा कसा तपासायचा आणि तक्रार कुठे करायची

आधी एक सांगते, ज्या बाईला वरचं दूध द्यावं लागतंय तिने अपराधी वाटून घ्यायचं काहीच कारण नाही, कायदा आईच्या विरोधात नाहीचे. १९९२ चा जो आयएमएस कायदा आहे, म्हणजे बाळाच्या पावडर-बाटल्यांच्या विक्रीवर आणि जाहिरातीवर बंधनं घालणारा (१९९३ पासून लागू, २००३ मध्ये आणखी कडक केला) तो बांधून ठेवतो कंपनीला, दुकानदाराला आणि दवाखान्याला. २ वर्षांपर्यंतच्या बाळाची पावडर, ६ महिन्यांनंतरचं डब्यातलं सिरियल आणि दुधाची बाटली, तिन्ही त्यात येतं, त्यामुळे डब्यावर पुढची स्टेज लिहिली म्हणून कोणी सुटत नाही.

डबा हातात घेतला की आधी चित्र बघा. बाळाचा किंवा बाईचा फोटो नसलाच पाहिजे. आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम, ही सूचना ठळक अक्षरात हवी, आणि हेल्थ वर्करच्या सल्ल्यानेच वापरा असंही लिहिलेलं हवं. मग बॅच नंबर, एक्सपायरी आणि एफएसएसएआयचा (देशाचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) १४ आकडी लायसन्स नंबर, तो त्यांच्याच फॉसकॉस या लायसन्सच्या साइटवर टाकून बघता येतो.

पण खरा घोळ डब्यावर कमी आणि डब्याच्या आजूबाजूला जास्त होतो. बाळंतीण अजून बेडवर असते, पहिल्या दोन दिवसात चीक थोडाच येतो आणि तेवढा बाळाला सहसा पुरतो, पण घरचे घाबरलेले असतात, नेमकं तेव्हाच कोणीतरी येऊन फुकट सॅम्पल देऊन जातं. हे बेकायदेशीर आहे. कंपनीच्या माणसाने गरोदर बाईला किंवा आईला विक्रीसाठी गाठणं, फोन करणं, डब्यासोबत भेटवस्तू देणं, दवाखान्यात पोस्टर लावणं, डॉक्टरांना गिफ्ट देणं किंवा त्यांच्या कॉन्फरन्सला पैसे पुरवणं, सगळ्याला बंदी आहे. जाहिरात तर कुठेच चालत नाही, इन्स्टावरची सुद्धा नाही. डॉक्टरांनी गरज बघून पावडर लिहून दिली तर मात्र त्यात काही चूक नाही, आणि तेव्हा कारण विचारायला लाजू नका.

गरोदर बायकांसाठीची पावडर या कायद्यात येत नाही, तिला एफएसएसएआयचे नेहमीचे नियम, म्हणून तिच्या जाहिराती राजरोस चालतात. तिथे मागचं घटकांचं लेबल वाचा, जो पदार्थ वजनाने जास्त तो आधी लिहितात, साखर वरती दिसली आणि तुमची शुगर वाढलेली असेल तर डबा डॉक्टरांना दाखवूनच घ्या.

आता तक्रार. जाहिरात असेल तर स्क्रीनशॉट, लिंक आणि तारीख, सॅम्पल असेल तर पाकीट फेकू नका, फोटो काढा. पावडरच खराब वाटली तर ती स्टीलच्या डब्यात ओतू नका, मूळ डब्यातच राहू द्या आणि बिल जपा, बॅच कळल्याशिवाय अधिकारी तरी काय पकडणार. मग एफएसएसएआयचं फूड सेफ्टी कनेक्ट अ‍ॅप किंवा १८००११२१०० वर फोन, नाहीतर जिल्ह्याच्या एफडीए (अन्न व औषध प्रशासन) ऑफिसात सहायक आयुक्त (अन्न) यांच्याकडे लेखी अर्ज, आणि पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. जाहिरात, सॅम्पल, दवाखाना अशा भानगडीत स्तनपानासाठी काम करणाऱ्या बीपीएनआय या संस्थेलाही कळवा, १९९१ मध्ये आपल्या वर्ध्यातच सुरू झाली ती, आणि या कायद्याखाली कोर्टात तक्रार करायचा अधिकार सरकारने तिला दिलाय. मुंबईच्या अ‍ॅकॅश या ग्राहकांसाठी काम करणाऱ्या संस्थेलाही तो मिळालेला आहे. गुन्हा सिद्ध झाला तर ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दंड फक्त ५००० पर्यंत, तो एवढ्या मोठ्या कंपन्यांना काय लागणार, वाढवायलाच हवा.

अजून अ‍ॅडमिट असाल आणि तिथल्याच दवाखान्याविरुद्ध बोलायची भीती वाटत असेल तर तेव्हा नुसतं तारीख, वेळ आणि कोणी काय दिलं एवढं फोनमध्ये लिहून ठेवा, अर्ज घरी गेल्यावर केला तरी चालतो.