ढिगाआधी ढिगाखालची जमीन बघा

खाणीवरच्या माती-मुरमाच्या ढिगाची उतार-स्थिरता तपासायचं काम ज्यांच्या हातात पहिल्यांदाच आलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. फॅक्टर ऑफ सेफ्टी (ढीग धरून ठेवणारं बळ भागिले खाली ओढणारं बळ; 1 च्या खाली गेला की ढीग सरकतो), तो काढायची बिशपची पद्धत हे तुम्ही शिकलेले आहात, त्यात शिरत नाही.

माझं पहिलं काम पाटण तालुक्यातल्या एका डबर खाणीचं. काळा पाषाण काढण्याआधी वरची माती आणि मुरूम खरवडून डंपरनं शेजारच्या डोंगरउतारावर ओतलेला. वीसेक मीटर उंच ढीग, पोकलेननं 25 अंशांवर आणलेला. मार्च महिना, सगळं खडखडीत. शिअर बॉक्समध्ये, म्हणजे मातीची घसरण्याविरुद्धची ताकद मोजायच्या पेटीत, घर्षणकोन 35 अंश आला, सॉफ्टवेअरनं फॅक्टर ऑफ सेफ्टी 1.5 दाखवला, मी अहवालावर सही केली. जुलैत माथ्यावर भेगा पडल्या आणि पायथा फुगून पुढे आला. खालच्या वस्तीतली तीन घरं रातोरात शाळेत हलवावी लागली. कुणाला इजा झाली नाही, पण त्या रात्री घोंगडी पांघरून शाळेच्या पडवीत बसलेली म्हातारी माणसं मला अजून दिसतात.

चूक गणितात नव्हती. ढिगाच्या तळाशी थेट कठीण खडक आहे, असं मी गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात मूळ जमिनीवरची माती आणि गवत न काढताच भराव टाकलेला होता. त्याखाली आपल्याकडे बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये असतो तसा चिकण तांबडा थर. डोंगरात मुरलेलं पाणी खडकाच्या सांध्यांतून खाली येतं, या तांबड्या थराशी अडतं आणि आडवं बाहेर पडतं. तोच आपला झरा. ढिगानं त्या झऱ्याचं तोंड बुजवलं. पाण्याला वाट उरली नाही, तळाशी दाब वाढत गेला.

हे आकड्यांत बघा, कारण मी तिथंच फसलो. ढीग कोरडा असेल तर 35 अंशांच्या टॅनला 25 अंशांच्या टॅननं भागा, 1.5 येतात. तोच ढीग पुरता भिजून पाणी उताराला समांतर वाहू लागलं की उत्तर 0.75 च्या आसपास येतं. माती तीच, उतार तोच! त्यात सॉफ्टवेअर गोलाकार घसरपृष्ठ (माती ज्यावरून सरकते ते पृष्ठ) शोधत होतं आणि ढीग तळाच्या मातीवरून जवळपास सपाट सरकत होता. म्हणून तळाचा थर वेगळा दाखवा, त्याची ताकद वेगळी तपासा, गोलाकार नसलेली पृष्ठंही शोधायला लावा आणि पाणी भरलेल्या स्थितीचं गणित केल्याशिवाय सही करू नका.

वेल्समधल्या ॲबरफॅनला 21 ऑक्टोबर 1966 रोजी कोळसा खाणीचा ढीग शाळेवर आला. 144 माणसं गेली, त्यांत 116 मुलं. तो ढीगही झऱ्यांवर रचलेला होता आणि ते झरे नकाशावर होते. आपली टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार आणि ओढे दाखवणारा नकाशा, उघडायला अर्धा तास लागतो.

कोळसा खाणींच्या नियमांत ढिगाचा उतार 37.5 अंशांपेक्षा जास्त नको आणि 30 मीटरपेक्षा उंच ढिगाला टप्पे हवेत, असं आहे. नवखे त्याला परवानगी समजतात. ती कमाल मर्यादा आहे, तुमच्या ढिगाच्या स्थिरतेचा पुरावा नव्हे. शिवाय महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, माण तालुक्यात 500 च्या आसपास. जिल्हा एकच असला तरी एकीकडचा अहवाल दुसरीकडे चालवू नका. तयार अहवालात आकडे बदलून देणाऱ्या वरिष्ठांपासून तर लांबच राहा. माझं ठाम मत आहे, गणित साहेबांकडून शिका, पण ढीग पोकलेनच्या ऑपरेटरकडून शिका. बकेट कुठं रुतली होती ते त्यालाच ठाऊक असतं.

खालच्या शेतातल्या तात्यांना मी मार्चमध्ये भेटलोच नव्हतो. जुलैत ते म्हणाले, "सायेब, हितं गणपतीपातूर पाणी पाझरतंय, आमची म्हसरं हितंच पाणी पित्यात." हे एक वाक्य मला चार महिने आधी मिळालं असतं.

घाबरून हे काम सोडू नका. भेग पडली म्हणजे ढीग गेलाच असं नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका, रोज ठरलेल्या वेळी टेपनं अंतर मोजून वहीत लिहा. वाढ रोज कमी होत असेल तर उपायाला वेळ आहे. रोज जास्त होत असेल तर आधी खालची माणसं हलवा, फोन नंतर करा.

आमचा ढीग वाचला. माथ्यावर चर खणून वरचं पाणी वळवलं, झऱ्याच्या जागी खडीत भोकांचा पाइप बसवला, पायथ्याला दगडाचा भार दिला. पाइपातून गढूळ पाणी आलं तर आतली माती वाहून जात्येय, एवढं तात्यांना सांगून ठेवलंय. गेल्या श्रावणात त्यांचा फोन आला, "पाणी निवळ येतंय, म्हसरं पित्यात."