पळतोय, तरी कोलेस्टेरॉल हलत नाही? या चुका टाळा

नवशिक्यांना पळायला शिकवताना एक प्रसंग ठरलेला. दोन महिने झाले की कुणीतरी लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा, कागद पुढे धरतं. "सर, रोज पळतोय, पण एलडीएल, ते वाईट कोलेस्टेरॉल, जागचं हललेलं नाही. उपयोग काय?" अहो, दोन महिने! बुटांचे तळवेसुद्धा अजून झिजले नसतील.

मुळात बघायचा आकडाच चुकतो. व्यायामाने स्नायूंमधलं चरबी फोडणारं एन्झाइम जोमाने काम करू लागतं, त्यामुळे ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) उतरतं आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, थोडं वर सरकतं. एलडीएल मात्र रक्तातून उचलायचं काम यकृताच्या पेशींवरचे रिसेप्टर करतात. ते किती आणि कसे असतील हे बरंचसं जनुकं ठरवतात. म्हणून निव्वळ पळण्याने एलडीएल उतरतं ते थोडंच. एचडीएलचंही तसंच: एकच व्यायाम, पण कुणाचं वाढतं, कुणाचं ढिम्म. शेजाऱ्याच्या रिपोर्टशी आपला ताडून बघू नका.

आता माझी लाडकी चूक, कारण ती मी स्वतः केली आहे. पहिली हाफ मॅरेथॉन पुरी झाली आणि डोक्यात हवा गेली. डॉक्टरांना न विचारता स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, गोळी बंद केली. वजन उतरलेलं, दम वाढलेला, मग गोळी कशाला? तीन महिन्यांनी एलडीएल 104 वरून 198 वर. डॉक्टरांनी रागावण्याऐवजी माझ्या टाचेमागची जाड शीर (टेंडन) दाबून पाहिली. तिथे कोलेस्टेरॉल साचून झालेल्या कडक गाठी होत्या. मी त्यांना पळण्यातली दुखापत समजून बर्फ लावत होतो! पुढचा प्रश्न, "वडिलांना काय झालं होतं?" हार्ट अटॅक, 44 व्या वर्षी. घराण्यातून उतरणाऱ्या या जास्त कोलेस्टेरॉलच्या आजाराला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात. साधारण 250 जणांत एकाला तो असतो. उपचाराविना एलडीएल 190 च्या वर असेल तर त्याची शंका घ्यायचीच. गोळी त्याच संध्याकाळी सुरू झाली, पळणंही चालू राहिलं.

जिम फिक्स आठवतात? अमेरिकेत पळण्याची लाट आणणाऱ्यांपैकी एक. 1984 मध्ये पळतानाच हार्ट अटॅकने गेले, वय 52. त्यांच्या वडिलांना पहिला झटका 35 व्या वर्षी आला होता, 43 व्या वर्षी ते वारले. लोक याचा अर्थ "पळणं वाईट" असा काढतात. मला तो फारच सोयीचा वाटतो, कारण त्यात वडिलांचा इतिहास विसरला जातो.

बाकीच्या चुका थोडक्यात. तपासणीच्या आदल्या दिवशी जीव तोडून पळू नका. ट्रायग्लिसराइड तात्पुरतं खाली दिसतं, आणि सीके, म्हणजे स्नायूंना ताण पडला की रक्तात वाढणारं एन्झाइम, वाढलं की खापर गोळीवर फुटतं. मी दोन दिवस नुसता चालतो. लिपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण, आयुष्यात एकदा तपासून घ्या. ते जवळजवळ पूर्ण आनुवंशिक, व्यायामाला दाद देत नाही. "एचडीएल भरपूर आहे, मग एलडीएल असू दे" हा हिशोब तर कुणी शिकवला देव जाणे.

आणि सडपातळ माणसाला सूट देऊ नका. माझ्यासारखा दोष आई किंवा वडिलांकडून प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी असते. माझा धाकटा भाऊ काडीसारखा, त्यामुळे वर्षभर तपासणी टाळत होता. शेवटी मीच त्याला सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये नेलं. त्याचं एलडीएल 211 निघालं.