जुने सिनेमे पाहून रसास्वाद शिकताना: एकच प्रसंग, तीन वेळा

रसास्वाद शिकायचा म्हटलं की लोक आधी 'पाहायलाच हवेत' अशा शंभर सिनेमांची यादी उतरवून घेतात आणि दहाव्यालाच थकतात. यादी राहू द्या. 'बायसिकल थीव्ह्ज' (१९४८), 'पथेर पांचाली' (१९५५) आणि आपला 'संत तुकाराम' (१९३६) एवढे तीन सुरुवातीला भरपूर झाले. मूकपट नंतर.

आधी टीव्ही तपासा. या सिनेमांची चौकट साधारण १.३७:१, म्हणजे जवळपास चौकोनी. तुमचा टीव्ही १६:९. त्यामुळे दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसलेच पाहिजेत. नसतील तर एक तर चित्र ताणलंय (माणसं जाडी दिसतात) किंवा वर-खाली कापलंय (डोकी छाटली जातात), आणि मग चौकटीचा अभ्यास करण्यात अर्थच उरत नाही. मोशन स्मूदिंगही (टीव्ही दोन फ्रेममध्ये स्वतःच्या फ्रेम भरतो ती सोय) बंद करा. ते चालू असलं की फिल्म टीव्ही मालिकेसारखी गुळगुळीत दिसते.

पहिल्यांदा सिनेमा सलग बघा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि परीक्षणं आधी वाचू नका, नाहीतर वाचलेलंच दिसतं. संपल्या संपल्या आठवतील ते तीन प्रसंग लिहून काढा. त्यातला एक, तीन ते पाच मिनिटांचा, दुसऱ्या दिवशी घ्या.

आता आवाज आणि सबटायटल दोन्ही बंद. सबटायटल चालू असली की नजर पडद्याच्या तळाशीच अडकते. वहीत पाच रकाने आखा: शॉट (दोन कटांमधला सलग तुकडा) क्रमांक, सेकंद, लाँग-मिड-क्लोज (माणूस लांबून, कमरेपासून वर की फक्त चेहरा), कॅमेरा हलतो का, पात्रं कुठे बघतात. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की तो एकेक फ्रेम पुढे जातो, स्वल्पविरामाने मागे. नेमका कट, म्हणजे एक शॉट संपून दुसरा सुरू होतो ती जागा, त्यामुळे सापडतो. १८० सेकंदांत १२ शॉट निघाले तर सरासरी १५ सेकंद. 'जुने सिनेमे संथ असतात' ही तक्रार या आकड्यासमोर ठेवून बघा. पुष्कळदा शॉट लांब असतो, पण त्यात माणसं पुढे-मागे होत असतात, म्हणजे कटाचं काम हालचालीने केलेलं असतं.

तिसऱ्या वेळी पडद्याकडे पाठ करून फक्त ऐका. 'पथेर पांचाली'त कुटुंबप्रमुख हरिहर बाहेरगावाहून घरी परततो तो प्रसंग यासाठी घ्या. मुलगी दुर्गा मागे वारली आहे, हे त्याला ठाऊक नाही. तो आणलेल्या वस्तू एकेक करून दाखवतो, दुर्गासाठी आणलेली साडी बायकोच्या, सर्वजयाच्या हातात देतो आणि ती कोसळते. तिचा हंबरडा मात्र ऐकूच येत नाही. त्याच्या जागी तारशहनाईचे (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) चढे सूर वाजतात. नुसतं ऐकणाऱ्याला तिथे फक्त वाद्य ऐकू येतं, आवाज बंद करून बघणाऱ्याला फक्त उघडं तोंड दिसतं. दोन्ही स्वतंत्रपणे अनुभवल्यावर दिग्दर्शक सत्यजित राय यांनी काय काढून घेतलंय ते कळतं. रडणं तसंच ठेवलं असतं तर? हा प्रश्न वहीत लिहा आणि उत्तर द्यायचा प्रयत्न करा.

शेवटी एक पान लिहायचं, आणि त्यात गोष्ट सांगायला बंदी. नवशिक्यांचं घोडं इथेच अडतं: पानभर कथानक, खाली 'छायाचित्रण अप्रतिम'. विशेषणाला पुरावा जोडा. 'सातव्या शॉटमध्ये ती दारात उभी, तो पाठमोरा, म्हणून तिला जे ठाऊक आहे ते त्याला नाही हे आपल्याला आधी कळतं', असं वाक्य जमलं की गाडी रुळावर आली समजा.

मूकपटांकडे वळाल तेव्हा वेगाकडे लक्ष ठेवा. बरेच मूकपट सेकंदाला २४ पेक्षा कमी फ्रेमनी चित्रित झालेत. २४ च्या वेगाने चालवले की माणसं तुरुतुरु पळतात आणि गंभीर प्रसंगालाही हसू येतं. तो दोष दिग्दर्शकाचा नाही. दुसरी प्रत शोधा, किंवा प्लेअरचा वेग ०.७५ वर आणा. पार्श्वसंगीतही बहुधा नंतर जोडलेलं असतं, त्यामुळे त्यावरून मूळ सिनेमाबद्दल मत बनवू नका.